पक्कड नंबर नऊ

जुन्या विमानाच्या पंखांवर कापड असतं आणि ते सुईदोऱ्यानं शिवलेलं असतं, हे ऐकलं की नवखी माणसं हमखास हसायची. टाकेकाका त्यांना हसू द्यायचे. मग हातात लांबलचक दाभण आणि मेण लावलेला दोरा देऊन म्हणायचे, "घाला बरं एक टाका." दहा मिनिटांत हसणाऱ्याच्या कपाळावर घाम आणि बोटावर रक्त. पंखाच्या लाकडी फासळ्यांना कापड धरून ठेवणारा हा टाका दर तीन बोटांवर एक, प्रत्येकाला गाठ, आणि प्रत्येक गाठीचा ताण सारखा. काकांनी आयुष्यात एकही सैल टाका घातला नव्हता. निदान ते स्वतः तसं सांगायचे, आणि त्यांचं खरं नाव बाजूला पडून टाकेकाका हे नाव चिकटलं ते त्यामुळेच.

वय एकाहत्तर. हवाई दलाच्या दुरुस्ती कारखान्यात तीस वर्षं काढलेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बोलायला भिंती. म्हणून दर रविवारी ते धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या हँगरमध्ये यायचे. तिथे तिघांचं एक मंडळ होतं: एक दातांचे डॉक्टर, एक वकील आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई. तिघांनाही जुन्या विमानांचं वेड होतं. घरच्यांच्या मते विमानांचं वगैरे काही नव्हतं, नुसतंच वेड होतं. उडवायचा परवाना मात्र एकट्या बाईंकडे होता, त्यामुळे बाकीच्या दोघांना वादात नेहमी पडती बाजू घ्यावी लागे.

या मंडळानं एका तंत्रशाळेच्या मागच्या शेडमधून एक वर-खाली दुहेरी पंखांचं, दोन आसनी विमान उचलून आणलं. एके काळी शिकाऊ वैमानिक त्यावर हात बसवायचे. इंजिनात चिमण्यांची घरटी, चाकांची हवा गेलेली, पण कापड जुनंच, शेवटच्या दुरुस्तीचं. पुढच्या पाटीवरचा गंज पुसला तसा आकडा दिसला, सतरा. काका खोक्यावर बसलेच.

"हे आमच्या हातचं आहे," ते म्हणाले. "खालचा उजवा पंख मी शिवलाय."

मंडळाला आनंदानं आभाळ ठेंगणं झालं. वकिलांनी तर तिथल्या तिथे काकांचा फोटो काढला.

काकांनी हँगरला कारखान्याचीच शिस्त लावली होती. भिंतीवर हत्यारांचा फळा. प्रत्येक हत्याराच्या जागी लाल रंगात त्याची आकृती काढलेली आणि खाली नंबर. संध्याकाळी एकानं नंबर पुकारायचा, दुसऱ्यानं "आहे" म्हणायचं. एखादी लाल आकृती रिकामी दिसली तर कोणी घरी जायचं नाही. सुटं हत्यार विमानाच्या पोटात राहिलं आणि हवेत असताना तारेत अडकलं, तर वैमानिकानं दांडा कितीही ओढावा, विमान ऐकत नाही. "हत्यार हरवणं हा गुन्हा नाही," काका बजावायचे. "हरवलेलं न सांगणं हा गुन्हा." दातांचे डॉक्टर एकदा साधा स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून घरी निघाले होते, तर काकांनी त्यांना फाटकातून परत आणून असं झापलं, की डॉक्टरांनी कानाला खडा लावला.

उजवा पंख उघडायचा तो रविवार. बाकीचे तिघं इंजिनापाशी भांडत होते. काकांनी स्वतःचे जुने टाके एकेक करून कापले, पिवळं पडलेलं कापड सोलून बाजूला केलं आणि बॅटरी घेऊन आत पाहिलं. मधल्या जाड तुळईवर पेन्सिलीनं त्यांचीच सही होती, तारखेसकट. पंख बंद करणाऱ्यानं आत सही करायची, ही त्या कारखान्याची जुनी रीत. काका खूश होऊन हसले आणि त्यांनी बॅटरी टोकाकडे वळवली.

शेवटच्या फासळीच्या बेचक्यात एक लहान पक्कड रुतून बसली होती. कापडावरचा रंग आत झिरपून तिच्याभोवती डिंकासारखा वाळला होता. काकांनी ती उपसून काढली आणि अंगठ्यानं दांडा पुसला. नऊ.

त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. पक्कड त्यांनी खिशात घातली. डॉक्टरांना ज्या कामासाठी फाटकातून ओढून आणलं, तेच.

कारखान्यात ही नऊ नंबरची पक्कड डावऱ्याच्या नावावर होती.

डावरा म्हणजे काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. डाव्या हातानं काम करायचा म्हणून अख्खा कारखाना त्याला डावरा म्हणे. काकांनीच त्याला चिकटवलं होतं, दाभण धरायला शिकवलं होतं. पोरगा गुणी. त्याच्या गाठी उलट्या बाजूला कलायच्या, पण ताण असा की साहेब लोक बोट लावून बघायचे. काकांना तो दाजी म्हणायचा. कारखान्यातही. काका दटावायचे, "इथे दाजी नाही म्हणायचं," आणि तो म्हणायचा, "बरं, दाजी."

अडतीस वर्षांपूर्वी सतरा नंबरचे खालचे दोन पंख या दोघांकडे होते. उजवा काकांकडे, डावा डावऱ्याकडे. शनिवारी संध्याकाळी मोजणीला नऊ नंबरची आकृती रिकामी निघाली.

"दाजी, दुपारी तुम्हाला दिली होती," डावरा म्हणाला. "दाभण अडकली होती तुमची."

"परत केली मी," काका म्हणाले.

छातीवर हात ठेवून सांगायचं, तर परत केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. न केल्याचंही आठवत नव्हतं. पण सगळ्यांदेखत तोंडातून शब्द गेला होता, आणि काकांचा शब्द म्हणजे कारखान्यात दगडावरची रेघ. दहा दिवस शोधाशोध झाली, बाकीची कामं चालूच होती. डावऱ्याचा पंख उभा फाडून पाहिला, त्यात काही नव्हतं. साहेबांनी उजव्या पंखाकडे बोट केलं. "हाही उघडायचा का?" एव्हाना काकांच्या पंखावर रंगाचे पाच हात देऊन झाले होते. आठ दिवसांचं काम, आरशासारखं गुळगुळीत. काका म्हणाले, "गरज नाही, साहेब. बंद करण्याआधी मी स्वतः आत पाहिलंय."

साहेबांनी मान डोलावली. डावऱ्याच्या कागदावर शेरा पडला: निष्काळजी, शिवाय खोटं बोलतो. पहिल्या शब्दावर माणूस निभावला असता. दुसरा वाचल्यावर पुढे कोणत्याच विमानाच्या कारखान्यानं त्याला दारात उभं केलं नाही. त्यानं काकांच्या घरी येणं सोडलं. विमान दोन वर्षं उडून तंत्रशाळेच्या शेडमध्ये जाऊन बसलं. त्या दोन वर्षांत किती पोरं ती पक्कड पंखात घेऊन आभाळात फिरून आली, हे काकांनी आता बोटांवर मोजायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं.

पण एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती. सहा वर्षांपूर्वी बायको हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा डावरा येऊन गेला होता. काका बाहेर बाकावर बसले होते. तो गेल्यावर ती म्हणाली होती, "त्यानं कबूल केलं हो. माझ्याच हातून हरवली म्हणाला. आता तुम्हीही मनातून काढा." आणि काका मोठेपणानं म्हणाले होते, "मी त्याला केव्हाच माफ केलंय."

ते वाक्य आठवलं आणि काकांना शरमेनं बसवेना.

दुसऱ्या दिवशी ते डावऱ्याच्या दुकानात गेले. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान. रेक्झिनचे गठ्ठे, फोमच्या लाद्या, मशीनच्या तेलाचा वास. डावरा साठी उलटलेला, चष्मा कपाळावर, डाव्या हातात कात्री. सहा वर्षांत दोघं समोरासमोर आले नव्हते.

"या," तो म्हणाला. दाजी म्हणाला नाही.

काकांनी पक्कड काउंटरवर ठेवली. 

डावऱ्यानं चष्मा खाली ओढला, नंबर पाहिला. पक्कड डाव्या हातात घेऊन दोनदा उघडझाप केली. गंजानं ती पुरती उघडत नव्हती.

"कुठे होती?"

"माझ्या पंखात. उजव्या. टोकाला."

"कोणी उघडला?"

"मीच."

"तेव्हा उघडायला किती वेळ लागला असता?"

काकांनी मान खाली घातली. "अर्धा तास."

"आणि परत शिवायला?"

"रंगासकट आठ दिवस."

"आठ दिवस," डावरा म्हणाला आणि समोरच्या फोमच्या लादीवर खडूनं उगाच एक रेघ ओढली.

"पण तू तर कबूल केलं होतंस," काका म्हणाले. "तिच्याजवळ."

डावरा हसला, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. "ताई बत्तीस वर्षं माझ्या मागे लागली होती. तू एकदा चूक झाली म्हण, मी यांना समजावते, तू घरी यायला लाग. मी म्हणायचो, ताई, न केलेलं कसं म्हणू? त्या दिवशी तिला धड श्वास घेता येत नव्हता, तरी तेच. मग म्हटलं, जाऊ दे. म्हटलं, हो ताई, माझ्याच हातून हरवली. इतकी शांत झाली ती. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, खोटं बोललास याचंच वाईट वाटत होतं रे." त्यानं पक्कड काउंटरवर परत ठेवली. "आयुष्यात एकदाच खोटं बोललो तिच्याशी, आणि तेवढंच तिला खरं वाटलं."

काकांना रडू आलं. भर दुकानात, गिऱ्हाईक दारात उभं असताना आलं. डावऱ्यानं गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि काकांना स्टूल दिलं, पाणी दिलं. समजूत मात्र घातली नाही.

"मी काय करू, सांग," काका म्हणाले. "तू म्हणशील ते करतो."

"मला काही नको. विमानाच्या माणसांसमोर एकदा सांगा. पक्कड तुम्ही विसरलात आणि मी खरं बोलत होतो, एवढंच. सांगाल तेव्हा मला बोलवा. मला उभं राहून ऐकायचंय."

"पुढच्याच रविवारी," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी जाहीर केलं, की दुरुस्ती झालेल्या विमानाच्या शेपटीवर काकांचं नाव रंगवायचं. असं कौतुक चाललेलं असताना मध्येच कुठे बोलायचं? त्याच्या पुढच्या रविवारी वकील नव्हते. सगळे असताना सांगितलेलं बरं. मग बाईंच्या शाळेच्या परीक्षा आल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं काका स्वतःशी म्हणत नव्हते, पण मूठ झाकलेलीच राहिली. असे सात महिने गेले. दुकानावरून जायचा रस्ताही त्यांनी सोडला.

त्या सात महिन्यांत त्यांनी पंख मात्र असा शिवला, की तरुणपणीही शिवला नसेल. आणि कापड बंद करायच्या दिवशी, एकटे असताना, त्यांनी पेन्सिल घेतली आणि आतल्या तुळईवर, जुन्या सहीच्या खाली लिहिलं: पक्कड नंबर नऊ मी विसरलो होतो. दोष माझा. डावरा खरं बोलला. खाली नवी तारीख. लिहिल्यावर त्यांना हलकं वाटलं, सांगून मोकळं झाल्यासारखं. मग दाभण घेऊन त्यांनी वर टाके घातले आणि रंगाचे पाच हात दिले.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी हँगरपुढे पंचवीस-तीस माणसं जमली. काकांच्या जुन्या कारखान्यातली यादी मिळवून वकिलांनी सगळ्यांना पत्रं टाकली होती. काकांना पत्ताच नव्हता. विमान पिवळंधमक, उन्हात चकाकत उभं. बाई चामडी टोपी घालून तयार. डॉक्टर खुर्चीवर चढून भाषणाला लागले. "यांच्या हातून," ते काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तीस वर्षांत एक टाचणी हरवलेली नाही. मला विचारा. मला फाटकातून ओढून आणलंय यांनी."

सगळे हसले. काकाही हसायला गेले, आणि तेवढ्यात त्यांना तेलाच्या पिंपाशी डावरा दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आज बोलावलंय म्हणजे आज सांगणार, अशा समजुतीनं कान देऊन उभा होता.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. काका बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मला बोलता येत नाही. आभारी आहे." आणि खाली बसले.

डावऱ्यानं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग गर्दीतून वाट काढत तो विमानापाशी आला. उजव्या पंखावरून त्यानं डावा हात फिरवला, टाक्यांच्या उंचवट्यांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"बंद करण्याआधी आत पाहिलंत?" त्यानं विचारलं. आवाज साधाच होता.

"पाहिलं," काका म्हणाले.

"तेव्हाही असंच म्हणाला होतात."

 काकांनी सभोवार पाहिलं. डॉक्टर, वकील, बाई, जुन्या कारखान्यातले पांढऱ्या केसांचे चार चेहरे. मग ते फळ्यापाशी गेले, पातं घेऊन आले, आणि कोणी "अहो काका" म्हणेपर्यंत त्यांनी पंखाच्या खालच्या अंगाला तुळईलगत हातभर कापड उभं चिरलं. वकिलांच्या तोंडून किंकाळीच निघाली.

काकांनी बॅटरी डावऱ्याच्या हातात दिली. तो वाकला, फटीत डोकं घालून टोकापर्यंत निरखलं. मग उजेड तुळईवर थांबला, बराच वेळ थांबला.

"इथे लिहिलंत?" तो आतूनच म्हणाला. मग बाहेर येऊन सरळ उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. "इथे कोण वाचणार होतं?"

तेव्हा काका बोलले. पातं हातात तसंच होतं. पक्कड कोणाची होती, कोणी घेतली, कोणी विसरली, पंख उघडू का असं साहेबांनी विचारल्यावर काय उत्तर दिलं, आणि त्यापायी कोणाची नोकरी गेली, कोणाचं नाव गेलं आणि कोणाला बहिणीचं घर तुटलं, ते सगळं. सात महिन्यांचंही सांगितलं. आवाज मध्येच फाटला, पण ते थांबले नाहीत.

संपलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी टोपी काढून हातात घेतली. "काका," त्या चाचरत म्हणाल्या, "राग मानू नका. पण मी यात बसणार आहे. पंख सगळाच परत उघडून बघायला हवा का?"

काकांनी पातं खाली ठेवलं. आता त्यांच्या शब्दाला काय किंमत होती?

"गरज नाही, बाई," डावरा म्हणाला. "मी आत पाहिलंय. सुटं काही नाही. टाकाही चोख आहे, यांच्या हाताला तोड नाही. ही चीर तेवढी शिवून घ्या."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तो निघाला. काका फाटकापर्यंत मागे गेले. अर्धा कप चहा तरी घेऊन जा, म्हणाले. खिशातून पक्कड काढून पुढे केली.

"फळ्यावर लावा," डावरा म्हणाला. "मला दुकान उघडायचंय. येतो, टाकेकाका."

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत काका फाटकाचा गज धरून उभे होते. मग ते परत आले. उड्डाण पुढे ढकललं होतं, माणसं पांगत होती, वकील खुर्च्या गोळा करत होते. काकांनी दाभण आणि दोरा घेतला, चिरेपाशी स्टूल ओढलं.

"किती वेळ गेला हो?" त्यांनी विचारलं. "पातं उचललं तिथपासून आत बघून होईपर्यंत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. गणिताच्या बाई, त्यांच्या नजरेतून आकडा सुटत नसे. "चार मिनिटं," त्या म्हणाल्या. "फार तर पाच."